लिव्हरखालची घाण

“पाय कुठे आहे तुझा? आधी पाय दाखव, मग हात लाव.”

आत्याचा आवाज होता तो. वाळत घातलेल्या तरटासारखा खरखरीत आणि तसाच जाड. आत्या माणसांना गाडी शिकवायची. स्टिअरिंगवर बसलेला शिकाऊ कोणीही असो, बँकेतला साहेब असो की कालच लग्न होऊन आलेली सून, गाडी उभी असताना हात गिअरकडे सरकला की आत्या आधी वाकून पायाकडे बघायची. पाय ब्रेकवर नसला की हातावर लाकडी पट्टी. मागच्या सीटवर आठ वर्षांची भाची गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायची, कारण शाळा सुटल्यावर तिला सांभाळायला घरी कोणी नसायचं. मोठ्या माणसांना पोरासोरांसारखा मार खाताना बघून तिला गुदगुल्या व्हायच्या.

ती भाची आता बेचाळीस वर्षांची होती. थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं काम करायची आणि तिथे सगळे तिला साबणताई म्हणायचे.

नाव भोंग्याने ठेवलं होतं. भोंगा म्हणजे इंजिनचं काम करणारा मिस्त्री. तो कुजबुजला तरी रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जायचं, म्हणून तो भोंगा. त्याचं ते नाव तिने ठेवलं होतं, म्हणजे त्यांची फिटंफाट झाली होती. साबणताई प्रत्येक कामानंतर कोपरापर्यंत हात धुवायची. स्वतःचा साबण स्वतःच्या डबीत ठेवायची. कोणी तो चुकून वापरला, तर पात्याने वरचा थर तासून फेकायची आणि मगच हात लावायची.

“ताई, तुम्ही पाणीसुद्धा धुऊन पीत असाल,” भोंगा म्हणायचा.

“पिते. तू ज्या पेल्याला तोंड लावतोस ना, तो पेला तर मी दोनदा धुते.”

किळस हा तिचा अंगावरचा दागिना होता. आपल्याला घाण चालत नाही, हे ती मान जरा वर करून सांगायची. माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या घरी जाऊ नये, त्याच्या गाडीच्या सीटखाली हात घालावा, असं तिचं मत होतं. वीस वर्षांत तिने सीटखालून काय काय काढलं होतं. कापलेली नखं. च्युइंगमचे सुकलेले गोळे, त्यांवर दातांच्या खुणा. नाक पुसून कोंबलेले रुमाल. आणि या गाड्यांतून उतरणारी माणसं कशी, तर कडक इस्त्रीची, अत्तराची, हसताना दात मोजून दाखवणारी. वरून लिंपलेली, आतून कुजलेली. त्यांच्या किल्ल्या ती दोन बोटांत धरायची.

एक गोष्ट मात्र तिला आवडायची. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या आल्या तेव्हा आत्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. तसल्या गाडीचा लिव्हर तिने पहिल्यांदा खोलला, आत काय आहे ते पाहिलं आणि ती एकटीच हसली. लोखंडाच्या एका खिळ्यात, तारेच्या एका गुंडाळीत आत्या बसलेली होती. पाय दाखव, मग हात लाव.

पाळणाघरवाल्या मावशींनाही तिने हे सांगितलं, आत्याला वगळून.

मावशी साठीच्या. घराच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवायच्या, आणि दुपारी-संध्याकाळी सात सीटांच्या जुन्या गाडीतून मुलांना ज्याच्या त्याच्या दारी सोडायच्या. त्या दिवशी गॅरेजमध्ये आल्या त्या हातात किल्ली उलटी धरून.

“अगं, हा दांडा पार्कमधून हलतच नाही. शेजारी हे झाकण आहे ना एवढंसं, ते उचकटते, भोकात किल्ली खुपसते, तेव्हा कुठे सुटतो. पोरं म्हणतात, मावशी गाडीला इंजेक्शन देते.”

“किती दिवस देताय?”

“झाले आठ-दहा.”

साबणताई आत बसली. किल्ली फिरवली, ब्रेक दाबला. मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला. म्हणजे दिवे लागत होते. लिव्हरच्या बुडाशी बारीकसा आवाज आला, पण नेहमीसारखा टणक नाही. चिखलातून चप्पल निघावी तसा, चुळुक. लिव्हर जागचा हलला नाही.

“असं बघा,” ती म्हणाली. “तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला की पेडलपाशी एक बटण दाबलं जातं. त्यावरच मागचे दिवे लागतात. त्याच बटणावरून एक वायर इथे लिव्हरपाशी येते. इथे तारेची गुंडाळी आहे. वीज आली की ती एक खिळा ओढून घेते, टिक होतं आणि लिव्हर मोकळा होतो. पाय नाही तर वीज नाही. वीज नाही तर खिळा आडवा. मग पार्कमध्ये, म्हणजे चाकं जाम करून गाडी उभी असताना, लिव्हर कोणी कितीही ओढू दे, सुटत नाही. मागे पोरं आहेत तुमच्या, म्हणून सांगते. पोराच्या हाताने तर नाहीच नाही.”

“त्या टिकचं तर गाणं आहे आमचं,” मावशी म्हणाल्या आणि भर गॅरेजमध्ये, भोंग्यासमोर, न लाजता म्हणून दाखवलं:

“पाय टेकला, टिक आली,
झोपली गाडी जागी झाली.
पट्टे बांधा, तोंडं मिटा,
घरी नेतील आपल्या वाटा.”

“तोंडं मिटतात का?” भोंग्याने विचारलं.

“तुझं मिटतं का?”

भोंगा खूश होऊन हसला. साबणताईने झाकणाकडे बोट केलं. “हे भोक फक्त अडचणीसाठी असतं, मावशी. बॅटरी संपली, गाडी ढकलायची आहे, अशा वेळी. रोज वापरलं तर कुलूप असून नसल्यासारखं. ठेवून जा, करते.”

मावशी गेल्या. साबणताईने लिव्हरभोवतीचं कातड्याचं आवरण सोडवलं आणि वर उचललं.

आधी वास आला. आंबट, गोडसर, ओला वास, ओल्या फडक्यात गुंडाळून विसरलेल्या दुधाच्या बाटलीसारखा. मग दिसलं. कोणा बाळाचं दूध कधीतरी तिथे सांडलं होतं आणि झिरपत, मुरत, नासत खाली जाऊन बसलं होतं. पिवळी घट्ट साय. सायीत फुगलेलं बिस्किट. बिस्किटाला चिकटलेला केसांचा गुंता. आणि त्या सगळ्यावर ऐटीत बसलेलं एक झुरळ, मेलेलं नव्हे, मिशा हलवणारं. खिळा आणि गुंडाळी त्या लगद्यात बुडाली होती. किल्ली अजून चालूच होती. तिचा गुडघा ब्रेकला लागला आणि आत चुळुक झालं, सायीवर बुडबुडा आला, फुटला.

ती मोरीपर्यंत पोचली तेवढंच.

“ताईंना दिवस गेले की काय,” भोंगा ओरडला. बिचाऱ्याच्या मते तो पुटपुटला होता.

काम सरळ होतं. लिव्हर मुळापासून बाहेर काढायचा, कोमट पाण्यात धुवायचा, स्पिरिटने पुसायचा, कोरडा करून परत बसवायचा. तीन तास. पण ते तीन तास हात त्यात घालायचा. तिने हातमोजे घातले, काढले, दोनावर दोन घातले. परत वाकली. झुरळ आता काठावर येऊन तिच्याकडे बघत होतं.

मग तिने वायरी बांधायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीचा बोटभर तुकडा कापला. दुमडला. झाकणाखाली, किल्लीने दाबायची ती जीभ असते, तिच्यावर घट्ट कोंबला. जीभ दबली ती दबलीच राहिली. लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरू लागला. ती चुळुक पुन्हा ऐकवेना म्हणून गुंडाळीचा प्लगही काढून ठेवला. आवरण बसवलं, झाकण लावलं. दहा मिनिटं. पुढच्या खेपेला सगळं खोलून नीट करू, असं मनाशी म्हणत तिने हात धुतले. चारदा.

संध्याकाळी मावशींना किल्ली देताना ती म्हणाली, “साफ केलंय.”

तिसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. “अगं, पोरं विचारतात, गाडी टिक का म्हणत नाही?” मागून एक चिरका आवाज आला, “तिची जीभ कापली का विचार.” मावशी हसल्या. “ही आमची भिंगरी. चार वर्षांची आहे, चाळीसची बडबड करते.”

त्या वेळी सांगता आलं असतं. ‘आणा परत, राहिलंय थोडं,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिच्या नाकात तो वास उठला, घशात आंबट आलं, आणि तिच्या तोंडून निघालं, “चांगलं चालायला लागलं ना मावशी, की आवाज येत नाही.”

“बघ गं भिंगरी, शहाणी झाली गाडी. आता बोलत नाही,” मावशी पलीकडे सांगत होत्या. तेवढ्यात फोन बंद झाला.

दोन महिने गेले. मग ती भर दुपार आली.

चढावरचं घर होतं. उन्हाने रस्ता वितळायला आलेला. मावशींनी गाडी चढावर उभी केली, लिव्हर पार्कमध्ये टाकला, आतल्या मुलांना गार हवा मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवलं आणि एका तान्ह्या बाळाला त्याच्या आईच्या हातात द्यायला उतरल्या. हँडब्रेक लावला नाही. ती चूक त्यांनी पहिल्याच दिवशी, कोणी विचारायच्या आधी कबूल केली. त्यांची पाठ वळली आणि गाडी मागे सरकू लागली. आधी हळूच. मावशी धावल्या, उघड्या दारातून आत हात घालून काहीतरी धरायला गेल्या आणि दार नि भिंतीच्या मध्ये सापडल्या. गाडी भिंतीला घासत थांबली. मुलांना खरचटलंही नाही. मावशींच्या डाव्या पायाचा घोटा तीन ठिकाणी मोडला.

बातमी गॅरेजमध्ये भोंग्यानेच आणली. साबणताई एका मोटारीच्या डिकीत डोकं घालून उभी होती. तिने डोकं बाहेर काढलं नाही. डिकीतल्या अंधारात, स्टेपनीच्या रबरी वासात, ती वायर सोलत राहिली. सोलता सोलता तांबंही तुटलं.

पुढचे आठ दिवस जो तो गॅरेजमध्ये येऊन बोलून गेला. कालपर्यंत सकाळी मूल मावशींच्या दारात ठेवून मागे न बघता पळणारी माणसं आता तिथे टायरमध्ये हवा भरता भरता म्हणत होती, म्हातारी झाली हो ती, विसरते. एकजण म्हणाला, “मला आधीपासून शंका होतीच.” त्याचं मूल तीन वर्षं मावशींच्या मांडीवर झोपत होतं. बोलताना तो कानात किल्ली फिरवत होता, मग ती किल्ली बाहेर काढून बघत होता, आणि मग त्याच किल्लीने गाडी सुरू करून गेला. माणसं अशीच, साबणताईने मनात म्हटलं. पण नेहमीसारखी मान वर झाली नाही.

पालकांनी एकत्र बसून ठरवलं की गाडी गॅरेजला दाखवायची. गॅरेजने लेखी सांगायचं, दोष यंत्राचा की बाईचा. यंत्र नीट असेल तर बाईने गाडी पार्कमध्ये टाकलीच नव्हती, असा अर्थ होतो. मग ते पत्र परवाना कचेरीत जाणार, आणि पाळणाघर बंद.

गाडी आली. एका बाजूचं दार चेपलेलं, आरसा लोंबणारा. दादाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, चालकाची सीट मागे सरकवली.

“ब्रेकचं बटण आणि लिव्हर तूच बघ,” तो म्हणाला. “शेवटचं काम तूच केलं होतंस ना?”

“मीच बघते. दुसऱ्या कोणी हात लावू नका.”

तिने आवरण उचललं. दोन महिन्यांत त्यात भर पडली होती. उन्हाने साय उकळून आटून तपकिरी झाली होती, चिकाच्या तारा सुटत होत्या. झुरळाने पोरंबाळं घातली होती. तिला वाटलं होतं ओकारी येईल. आली नाही. हातमोजे घालायचे तिच्या लक्षातच आलं नाही. उघड्या हातांनी तिने पट्टीचा तो तुकडा बाहेर काढला. एवढ्या घाणीत तीच एक वस्तू लख्ख पांढरी राहिली होती. तिने तो केराच्या डब्यात टाकला. वायरी बांधून उरलेले तसले शंभर तुकडे डब्यात होते. क्षणात तो कोणाचाच राहिला नाही.

मग तिने लिव्हर मुळापासून काढला. कोमट पाण्याची बादली भरली. धुतलं. पाणी दुधाळ झालं, चहासारखं झालं, गटारासारखं झालं. ओतलं, परत भरलं. खरवडून केस काढले, नखाने बिस्किटाचा लगदा काढला, दात घासायच्या ब्रशने खिळ्याची खाच न खाच घासली. लगद्यातून एक दुधाचा दात निघाला, तांदळाएवढा. कोणाचा पडला असेल, कोणी शोधला असेल. तो तिने तळहातावर घेतला तेव्हा मात्र तिला हुंदका आला, आणि हुंदक्याचीही किळस आली. रडायला आपण कोण.

तीन तास लागले. तेव्हा लागले असते तेवढेच.

गुंडाळी पुसली, वाळवली, प्लग लावला, सगळं बसवलं. किल्ली फिरवून ब्रेक दाबला. टिक. टणक, कोरडी, स्वच्छ टिक. पाय काढून लिव्हर ओढला. दगडासारखा घट्ट. आयुष्यात तिने इतकं स्वच्छ काम केलं नव्हतं आणि इतकं घाणेरडंही.

“ताई,” भोंगा मागून म्हणाला, “गाडी तपासायला दिली होती की आंघोळ घालायला?” त्याचा आवाज यावेळी खरंच हळू होता. मोरीतल्या तपकिरी पाण्याकडे त्याने पाहिलं, तिच्या उघड्या हातांकडे पाहिलं, आणि तो आपल्या इंजिनाकडे परत गेला.

दादानेही मोरी पाहिली. तो येऊन गाडीत बसला, ब्रेक दाबला, टिक ऐकली, पाय काढून लिव्हर ओढून बघितला, असं दोनदा केलं. उतरून दार हळू लावलं.

“चालतंय नीट,” तो म्हणाला.

“दादा, मी—”

“मी काही विचारलं का तुला?” तो दुसरीकडे बघत होता. “मी विचारत नाही. तू सांगू नकोस. आज तपासली, आज चांगली आहे, एवढंच लिहायचंय आपल्याला. त्यात खोटं काय आहे?”

त्याने लिहिलं. ‘आज रोजी तपासणी केली असता सदर यंत्रणा सुस्थितीत आढळली. ब्रेकवर पाय असल्याशिवाय लिव्हर पार्कमधून हलत नाही.’ एकेक शब्द खरा. असा गुळगुळीत कागद तिने कधी पाहिला नव्हता. बोट लावावं तर घसरावं. लहानपणी हाच दादा तिच्या वाटणीचा मार आपल्या पाठीवर घ्यायचा, तोच मायेचा हात आता हा कागद तिच्यापुढे सरकवत होता, आणि त्या हाताचीही तिला शिसारी आली. बहिणीला वाचवायचं म्हणून एक बाई पुसून टाकायची.

“खाली सही कर. काम तुझं आहे. पाच वाजता ते लोक पाळणाघरात जमणार आहेत, मावशी स्वतः हा कागद न्यायला येताहेत.”

“करते,” ती म्हणाली, आणि कागद टेबलावर तसाच ठेवून हात धुवायला गेली. नळ सोडला. डबीतून साबण काढला. मग नळ बंद केला आणि ओल्या हातांनी उभी राहिली.

मावशी चारला आल्या. टॅक्सीवाल्याने हाताला धरून उतरवलं. एका काखेत कुबडी, पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, प्लास्टरवर मुलांनी रंगीत खडूंनी काढलेले सूर्य, मासे, एक वाकडं घर. भोंग्याने स्वतःचं स्टूल पुसून दिलं. मावशी बसल्या. कागद वाचायला त्यांनी चष्मा लावला नाही.

“वाचत नाही मी,” त्या म्हणाल्या. “त्यात काय असायचं ते असू दे. मला तुझ्या तोंडून एक गोष्ट हवी आहे, म्हणून स्वतः आले. नाहीतर बहिणीला पाठवलं असतं.”

“विचारा,” ती म्हणाली.

“भिंगरी म्हणते, मी ओढला. पट्टा सोडून पुढे आली, तिची बाहुली पुढच्या सीटवर पडली होती, तोल जायला लागला म्हणून दांडा दोन्ही हातांनी धरला, असं सांगते. पहिल्या दिवसापासून तेच सांगते, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. तिची आई म्हणते, मावशीला वाचवायला पोरगी खोटं बोलते. तिला रागावतात. परवा तर मारलं.” मावशींनी कुबडी दुसऱ्या हातात घेतली. “मी पण तिला म्हटलं, बाळा, तसं होत नाही. कारण तूच मला सांगितलं होतंस, पोराच्या हाताने तर नाहीच नाही. मला ते पाठ आहे. मग मी विचार करते, मी पार्कमध्ये टाकली होती का? मला दिसतंय डोळ्यांसमोर, टाकली. हातात ते जाणवतं अजून. पण तुझं यंत्र म्हणतं, नाही. मग माझं डोकं गेलं असणार. परवा गॅसपाशी उभी होते, मी आताच बंद केला की नाही, आठवेना. सहा वेळा जाऊन बघितलं. अशा बाईने दुसऱ्याची तान्ही मुलं हातात घेऊ नयेत. तेव्हा मी आज त्यांना सांगणार आहे, मीच बंद करते. त्यांनी मला काढायच्या आधी.”

दादा कपाटापाशी उभा होता. त्याने कागद उचलून नीट केला, परत ठेवला.

“फक्त जायच्या आधी मला नक्की ऐकायचंय,” मावशी म्हणाल्या. “पायाशिवाय हलते का गं गाडी? एकदाच सांग. हलत नसेल तर माझं मी समजते. त्या पोरीला सांगते, तू स्वप्न बघितलंस.”

बाहेर कोणीतरी टायरला हातोड्याने ठोकत होतं. एकसारखं.

साबणताईने मावशींच्या प्लास्टरकडे पाहिलं. सूर्य, मासे, वाकडं घर. खडूचा रंग तिथे कोणाच्या तरी थुंकीने पसरला होता. पोरांनी बोट ओलं करून रंगवलं असणार. एरवी तिची नजर तिथून पळाली असती.

“नाही हलत,” ती म्हणाली. “आता.”

“आता म्हणजे?”

“अगं,” दादा म्हणाला. हाक नव्हती ती. पट्टीसारखी मध्ये घातलेली होती.

“दादा, तू थांब जरा.” ती मावशींच्या समोर जमिनीवरच बसली, ऑइलच्या डागांवर, कपड्यांचा विचार न करता. “त्या दिवशी हलत होती, मावशी. तुम्ही दुरुस्तीला दिलीत तेव्हा आत दूध नासलं होतं. झुरळ होतं. मला हात घालवेना. घाण वाटली. म्हणून मी काही साफ केलं नाही. कुलूप सोडायची जी जीभ असते ती पट्टीचा तुकडा कोंबून दाबून ठेवली, वायर काढली आणि तुम्हाला सांगितलं साफ केलं. पोरांनी विचारलं, टिक का येत नाही, तेव्हा मला ठाऊक होतं का येत नाही ते. तरी खोटं बोलले. गाडी इथे परत आली तेव्हा कोणाला कळू नये म्हणून बसून सगळं धुऊन काढलं. तुकडा केरात टाकला. दाखवायला माझ्याकडे काही नाही, पण तिथे पाच वाजता येऊन सगळ्यांसमोर हेच सांगेन. भिंगरी खरं बोलते. तिला कोणी मारू नका. तुम्ही पार्कमध्येच टाकली होती, मावशी. तुम्ही काही विसरला नव्हतात.”